मंजूर पदे आणि प्रत्यक्ष माणसे

मराठवाड्यात कुठे किती आरोग्य कर्मचारी असावेत, याचा हिशेब आजही मुख्यतः लोकसंख्येवर चालतो: सपाट भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र व ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर डोंगराळ आणि आदिवासी भागात हेच आकडे ३,००० व २०,०००. या हिशेबात माणूस बारा महिने गावातच राहतो, असे गृहीत धरलेले असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार मात्र दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ते उन्हाळ्यातच परततात. तेव्हा धारूरकडच्या एखाद्या वाडीत म्हातारी माणसे उरतात, आणि गरोदर बाई उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत असते, जिथल्या परिचारिकेच्या नोंदवहीत तिचे नाव नसते. आरोग्य कर्मचारी कुठे किती हवेत हे दाखवणाऱ्या नकाशावर प्रत्येक गावाच्या लोकसंख्येचे हंगामानुसार दोन थर असावेत, असे माझे मत आहे.

अंतराचेही तसेच. केंद्राभोवती पाच किलोमीटरचे वर्तुळ काढणे सोपे, पण बालाघाटच्या डोंगररांगेतली चढण किंवा पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा पूल त्यात दिसत नाही. तिथे रस्त्याने लागणारा वेळच मोजावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘विस्न’ पद्धत प्रत्येक कामाला लागणारा वेळ आणि कर्मचाऱ्याला वर्षात मिळणारे कामाचे तास यांवरून मनुष्यबळ ठरवते. त्यासाठीच्या बाह्यरुग्ण व प्रसूतींच्या नोंदी केंद्रांकडे असतातच. अडचण वेगळीच आहे: मंजूर पद, भरलेले पद आणि हजर माणूस हे तीन रकाने स्वतंत्र नसतील, तर प्रतिनियुक्तीवर शहरात बसलेली परिचारिका नकाशावर दुर्गम उपकेंद्रातच दिसत राहते.