वाटीभर पाण्यावरची नक्षी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे दिवस जवळ आले की नाशिकच्या मेन रोडवर बांगड्यांच्या जोडीने नेलपॉलिशची खरेदीही जोरात सुरू होते. त्या दिवसांत नखांवर संगमरवरी नक्षी करून घ्यायला पार्लरमध्ये बरेच पैसे मोजावे लागतात. प्रत्यक्षात पाण्यावर नेलपॉलिशची नक्षी करून त्यात नख बुडवण्याचा, ‘वॉटर मार्बल’ म्हणून ओळखला जाणारा हा प्रकार एक वाटी पाणी, दोन-तीन रंग आणि एक टूथपिक एवढ्यावर घरी उत्तम जमतो. मात्र त्यात हाताच्या सफाईपेक्षा पाण्याचे तापमान आणि वेळेचे भान अधिक महत्त्वाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नेलपॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज हा पाण्यात न विरघळणारा पदार्थ असतो आणि त्याला पातळ ठेवण्यासाठी इथाइल अॅसिटेट, ब्यूटाइल अॅसिटेट यांसारखी झटकन उडून जाणारी द्रावके वापरलेली असतात. या द्रावकांचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभाग आकसून धरणारी ओढ, पाण्याच्या पृष्ठताणाच्या सुमारे एक तृतीयांशच असल्यामुळे थेंब पाण्यावर पडताच चहूकडे ओढला जाऊन त्याचा पातळ पापुद्रा होतो. पाणी फार गार असेल तर थेंब न पसरता गोळा होऊन तळाशी जातो, आणि फार गरम असेल तर पापुद्रा पाहता पाहता सुकतो. नाशिकला जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा नळाचे पाणी थेट वापरण्यात अर्थ नाही. फिल्टरचे पाणी वाटीत काढून दोन-तीन तास खोलीतच ठेवावे आणि ते हाताला ना गार ना गरम लागले, म्हणजे कामाला बसावे. पंखा मात्र बंदच हवा.

रंग ताजे आणि पातळ असावेत. बाटलीच्या तोंडाशी घट्ट झालेली जुनी पॉलिश किंवा ‘लवकर सुकणारी’ म्हणून विकली जाणारी पॉलिश येथे निरुपयोगी ठरते. रंगसंगतीबाबत हात आखडताच ठेवावा: काळ्या साडीवर पांढरा आणि गर्द निळा शोभतो, पैठणीवर मोरपंखी आणि सोनेरी, चौथा रंग आला की नक्षीचा चिखल होतो.

आधी नखांना बेस कोट, त्यावर पांढऱ्या पॉलिशचा एक हात द्यावा आणि तो पूर्ण सुकू द्यावा, कारण पांढऱ्या पार्श्वभूमीवर पापुद्र्याचे रंग उठून दिसतात. नखाभोवतीच्या कातडीवर मेडिकलच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी लावली की पुढची निम्मी साफसफाई वाचते. सर्व बाटल्यांची झाकणे सैल करून ठेवावीत; बाटली उघडण्यात गेलेला वेळ पाण्यावरचा रंग सुकवतो.

ब्रश पाण्याच्या अगदी जवळ धरून पहिला थेंब सोडावा, तो पसरला की त्याच्या मध्यावर दुसऱ्या रंगाचा, मग पुन्हा पहिल्याचा, अशी पाच-सहा वर्तुळे एकात एक होऊ द्यावीत. बाहेरचे वर्तुळ वाटीच्या कडेला चिकटून आधी सुकते. टूथपिक तेथे लावली तर सगळा पापुद्रा दुधावरच्या सायीसारखा गोळा होऊन काडीबरोबर निघून येतो, म्हणून सुरुवात आतल्या वर्तुळापासून करावी. मध्याकडून बाहेर आणि बाहेरून मध्याकडे आळीपाळीने रेघा ओढल्या की पाकळ्या उमटतात. प्रत्येक रेघेनंतर काडीचे टोक पुसावे.

तुर्कस्तानातील एब्रू ही पाण्यावरची चित्रकला २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली, आणि आपल्याकडे विजापूरच्या चित्रकारांनी १७व्या शतकात त्याच जातीच्या अब्री तंत्राने घोडे आणि फकीर रंगवले. त्या कारागिरांनी पाणी डिंकासारख्या पदार्थाने दाट केलेले असे, त्यामुळे त्यांची नक्षी निवांत टिकत असे. आपल्याला साध्या पाण्यावर जेमतेम मिनिटभर मिळते.

आवडलेल्या भागावर नख आडवे, पाण्याला समांतर धरून सावकाश बुडवावे आणि बाहेर काढण्याची घाई करू नये. बोट पाण्यातच ठेवून दुसऱ्या हाताने उरलेला रंग इअरबडने गोळा करावा. तो तसाच राहिला तर बोट वर येताना नखावर दुसरा थर चढतो आणि आधीची नक्षी झाकली जाते. अंगठा स्वतंत्र बुडवावा. नखावर राहिलेले पाण्याचे थेंब टिश्यूच्या टोकाने टिपून घ्यावेत, घासू नयेत. टॉप कोटची घाई तर नकोच, कारण आत अडकलेल्या ओलाव्याचे बारीक फोड पुढे दिसतात.

कडेचा रंग पातळ ब्रशने रिमूव्हर लावून काढता येतो. रिमूव्हर आणि पॉलिश दोन्ही ज्वालाग्राही असल्याने हे काम देवघरातील समई किंवा गॅसपासून दूर, खिडकी उघडी ठेवून करावे. अॅसिटोनने थर्माकोल विरघळतो, तेव्हा वाटी स्टीलची किंवा काचेची घ्यावी. शेवटी वाटीतले पाणी बेसिनमध्ये तसेच ओतू नये. तरंगणारा रंग टिश्यूने उचलून, वाळवून, कागदात गुंडाळून घंटागाडीत द्यावा.