बंप स्टॉपचा प्रश्न

"गाडी खाली घेतलीच आहे, तर बंप स्टॉप निम्मे कापून टाका," असे आज एका जाणत्या मेकॅनिकने सहज सुचवले आणि ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेले नाही. बंप स्टॉप म्हणजे चाक फार वर सरकले तर धक्का झेलणारा, सस्पेन्शनमधला छोटा लवचिक ठोकळा.

डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर) किती दबतो ते कळावे म्हणून त्याच्या दांड्याला बांधलेली प्लास्टिकची पट्टी पाहिली, तर साध्या वळणावरही ती थेट स्टॉपपर्यंत सरकलेली होती. गाडीची उंची 30 मिलिमीटरने घटवली की चाकाला वर सरकण्याचा वावही तेवढाच जातो आणि मग स्टॉप हाच दुसऱ्या स्प्रिंगचे काम करू लागतो. मागचा कडक रबरी स्टॉप भर वळणात एकदम ताठ झाला, तर मागच्या चाकांची पकड अचानक सुटू शकते. सच्छिद्र पॉलियुरेथेन मात्र दबताना हळूहळू घट्ट होत जाते. नुसतेच कापले, तर डॅम्पर आतून आपटण्याची भीती.

म्हणून मला मूळचाच आखूड पॉलियुरेथेन स्टॉप आणि जोडीला थोडी कडक स्प्रिंग योग्य वाटते. स्टॉप निवडण्यापूर्वी तुम्ही उरलेला वाव मोजता का?