हयातीचा दाखला

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर मी हसून विषय बदलते. माझ्या सेवा केंद्रात सातबारा काढायला, पीकविमा भरायला आलेला माणूस भिंतीवरची पाटी वाचतो आणि विचारतोच, "फौजींच्या नि त्यांच्या बायकांच्या हयातीच्या दाखल्याचे पैसे तुम्ही का घेत नाही?" काहींना वाटतं, सरकार मला त्याचे वेगळे देत असणार. पण पाटीमागचं कारण ते नाही.

आमचा सातारा जिल्हा. मिलिटरी अपशिंगे इथलंच. गावाच्या नावातच मिलिटरी, आणि पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या आठवणीचा स्तंभ गावात. आमच्याकडंही आळीला एखादा फौजी निघतोच. माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. २६ जानेवारीला शाळेत त्यांना शाल आणि नारळ मिळायचा. नारळ खाल्ले, शाली अजून ट्रंकेत आहेत. देणाऱ्यांची चूक नाही, पण एकालाही आईच्या कागदांचं विचारावंसं वाटलं नाही.

आईचं लग्नात नाव बदललेलं. वडिलांनी रेजिमेंटच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला कळवलं होतं माहेरचं, आधार कार्डावर आलं सासरचं. वडील गेल्यावर फॅमिली पेन्शनचे कागद घेऊन गेलो तर टेबलामागचा माणूस म्हणाला, "यातली त्यांची बायको कुठली?" आई शेजारीच उभी होती. प्रतिज्ञापत्रं, तलाठ्याचा दाखला, पुन्हा बेळगाव, असं करत आठ महिने गेले.

मग दरवर्षीचा हयातीचा दाखला. जिवंत आहे हे वर्षातून एकदा दाखवायचं, नाहीतर पेन्शन थांबते. २०१४ पासून तो ऑनलाइन निघतो, पण तेव्हा अंगठा किंवा डोळा स्कॅन करावा लागायचा. आईचा अंगठा भांगलणीत नि राखेनं भांडी घासण्यात गुळगुळीत झालेला. तालुक्याच्या एका केंद्रावर तिला तीनदा "ठसा येत नाही, उद्या या" म्हणून परत पाठवलं, आणि तीनही वेळा पैसे मात्र घेतले. एसटीनं जायचं, उन्हात बसायचं, परत यायचं. तिसऱ्यांदा आल्यावर ती पायरीवर बसली नि म्हणाली, "मी जित्ती हाय का न्हाई, हे आता अंगठ्याला इचारायचं." त्या वर्षी दोन महिने पेन्शन अडकली.

केंद्र काढलं तेव्हा पहिली पाटी हीच लावली. नवऱ्यानं एकदाच विचारलं, परवडंल का? नोव्हेंबरात थोडी ओढाताण होते, बाकी चालतं.

२०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवून काम होतं, त्यामुळं अंगठ्याचा जाच गेला. गेल्या नोव्हेंबरात एक आजी आल्या. त्यांचे मालक १९७१ च्या लढाईत होते, परत आले, पुढं म्हातारपणी गेले. कॅरीबॅगेत पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, आधार आणि मालकांचा वर्दीतला फोटो. मी मोबाइल समोर धरला. आजींना वाटलं फोटो काढतेय. पदर सारखा केला आणि डोळे जे ताणून बसल्या ते मिटेचनात. ॲपला तर उघडझाप लागते.

"आजी, डोळं मिचकवा."

"या वयात डोळा मारायला लावतीस व्हय गं?"

दुकानातली चार माणसं हसली, आजीही हसल्या, आणि त्या हसण्यातच डोळे मिटून उघडले. दाखला निघाला. छापील प्रत त्यांनी मालकांच्या फोटोला लावून घडी घातली नि विचारलं, "किती झालं?" मी पाटीकडं बोट केलं. आजींना वाचता येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवली.

त्यांनी ओटीतून ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा काढून कीबोर्डशेजारी ठेवल्या. शेंगांचं पाटीवर काही लिहिलेलं नाही, तेव्हा त्या मी घेते.