नेव्हर्नचे ओघम दगड : ‘व्हितालियानी’ वाचून झाला, ‘माग्लोकुनी’ हातात

वेल्समधलं नेव्हर्न हे पेम्ब्रोकशायरमधलं चिमुकलं गाव, पण सेंट ब्रिनाखच्या चर्चच्या आवारात दोन भाषांतले शिलालेख (लॅटिन, आणि ओघम या दगडाच्या कडेवर रेघा-खाचांनी लिहायच्या जुन्या लिपीतली आयरिश), 4 मीटर उंच क्रूस आणि लाल रस गाळणारं यूचं झाड आहे. कामाचा क्रम ठरला आहे तो असा : आधी शिलालेख, मग क्रूस, गावातला किल्ला शेवटी.

पोर्चजवळचा दगड पूर्ण झाला. लॅटिनमध्ये ‘व्हितालियानी एमेरेतो’, ओघममध्ये नुसतं ‘व्हितालियानी’. ओघम कडेच्या रेषेवर खालून वर वाचायची. उजवीकडे तीन रेघा म्हणजे व्ह, कडेवर पाच खाचा म्हणजे इ, डावीकडे तीन रेघा त, एक खाच आ, उजवीकडे दोन ल. पुढे पाच खाचा, एक खाच, उजवीकडे पाच रेघा (न) आणि पुन्हा पाच खाचा. एकूण 30 खुणा. हिशेब जुळला नाही तर आधी स्वर तपासा. त्यांच्या खाचा ऐन कडेवर असल्याने त्याच आधी झिजतात, आणि पाचातली एक पुसली गेली की ‘इ’चा ‘ए’ होतो.

टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटून, 10–15 अंशांत धरा. समोरून फ्लॅश मारला तर सावल्याच पडत नाहीत. प्रकाशाच्या दिशेला समांतर असलेल्या रेघाही हरवतात, म्हणून कॅमेरा न हलवता किमान दोन दिशांनी फोटो घ्या. खडू फासू नका, दगडफूल खरवडू नका. त्याच्याबरोबर दगडाचा पापुद्राही निघतो.

दुसरा दगड चर्चच्या आत, दक्षिण बाजूच्या खिडकीत तळाशी आडवा बसवलाय. खिडकीचा उजेड टॉर्चला मारून टाकतो. तिथे अंधार पडल्यावर किंवा परवानगी घेऊन काळं कापड लावूनच काम होतं. लॅटिन ‘माग्लोकुनी फिली क्लुतोरी’, ओघम ‘माग्लिकुनास माक्वी क्लुतारी’. आधी ‘माक्वी’ (‘चा मुलगा’) गाठा : एक तिरकी रेघ, एक खाच, डावीकडे पाच रेघा, पाच खाचा. मुलगा–बाप सांगणाऱ्या ओघम लेखांत हा शब्द हमखास असतो. तो सापडला की अलीकडे मुलाचं नाव, पलीकडे बापाचं.

क्रूस 10व्या–11व्या शतकातला, दोन तुकडे खुंटी-खाचेने जोडलेला. वरच्या चौकटींतल्या गाठींच्या नक्षीसाठी उंच काठीवर कॅमेरा लागेल.

किल्ला 1191 मध्ये लॉर्ड रिस या वेल्श राजाने खुद्द जावयाकडून हिसकावला. 1194 मध्ये रिसच्याच मुलांनी त्याला पकडून तिथेच डांबलं, 1195 मध्ये किल्ला पाडला गेला. मातीचे बांध आणि खंदक पानगळीनंतरच नीट दिसतात, म्हणून मोजमाप हिवाळ्यात.