तो दगड नाही, जिवंत आहे

आज सकाळी मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या बाजूला स्नॉर्केलिंग केलं. पाण्यात उतरण्याआधी होडीवाल्या काकांनी एकच गोष्ट दोनदा बजावली, "ताई, पाय खाली टेकव नको. दगड नाय तो, जिवंत आसा."

तोंड पाण्यात घातलं आणि कळलं. घागरीएवढा, पिवळसर तपकिरी गोळा. जवळ गेल्यावर त्यावर सुईच्या टोकाएवढे असंख्य खळगे. प्रत्येक खळग्यात एक जीव! अशी पोवळी, म्हणजेच प्रवाळ, वर्षाला जेमतेम एखादं सेंटिमीटर वाढतात. म्हणजे हा गोळा कधीपासून इथे बसलाय? आजूबाजूला काळ्या पट्ट्यांचे छोटे मासे निवांत फिरत होते. मी कितीतरी वेळ तिथेच तरंगत राहिले.

मग शेजारच्या होडीचा नांगर धाडकन खाली आला. काका इतके चिडले! वाळूत टाकायचा नांगर प्रवाळावर टाकला की क्षणात कितीतरी वर्षांची वाढ तुटते. 1987 पासून हे सागरी अभयारण्य आहे, आणि पोवळ्यांना वन्यजीव कायद्याने वाघाइतकंच संरक्षण आहे. तरी दोन जण त्यावर उभे राहून फोटो काढत होते. मी ओरडले, ते उतरले. एवढं तरी झालं.

पाणी जास्त तापलं की पोवळ्यांच्या अंगात राहणारं शेवाळ निघून जातं, ती पांढरी पडतात. तसा एक पांढरा तुकडाही दिसला. परत येताना काका गप्प होते. मीही.