उणे १२८ टाइपचा रेकॉर्ड

लिनक्सवर प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्या ‘पर्फ’ या साधनाच्या डेटा फाइलमध्ये उणे १२८ टाइपचा रेकॉर्ड असूच शकत नाही. लिनक्स कर्नलकडून येणाऱ्या रेकॉर्डांचे टाइप १ पासून सुरू होतात. पर्फ स्वतःच्या सोयीसाठी फाइलमध्ये जे घालतो त्यांचे ६४ पासून. उणे संख्येला तिथे जागाच नाही. तरी ‘पर्फ रिपोर्ट’ (फाइल वाचून अहवाल काढणारी पर्फची कमांड) एका फाइलवर अडला होता: या ऑफसेटवर (फाइलच्या सुरुवातीपासूनच्या अंतरावर) ६५५३५ बाइटचा, उणे १२८ टाइपचा रेकॉर्ड आहे आणि तो हाताळता येत नाही.

आदल्या आठवड्यात दुसऱ्या एका फाइलवर अशीच तक्रार आली होती. तिथे टाइप होता ६ आणि आकार ०. त्या ६ ने दोन दिवस खाल्ले. टाइप ६ म्हणजे ‘अनथ्रॉटल’. सॅम्पल (त्या क्षणी काय चालू आहे याच्या नोंदी) फार वेगाने येऊ लागले की कर्नल ते देणारा मोजमापक, म्हणजे इव्हेंट, रोखतो (टाइप ५) आणि नंतर पुन्हा सोडतो (टाइप ६). मग सगळे थ्रॉटलिंगच्या मागे लागले. सॅम्पलिंगचा कमाल दर तपासला, सीपीयू वेळेची २५ टक्क्यांची मर्यादा तपासली, दर आणखी खाली आणला. आमचा दर मुळात सेकंदाला ९९ होता. एवढ्या दराला कर्नल सहसा हात लावत नाही, हे तेव्हाच ठासून सांगायला हवे होते. अखेर कुणीतरी रिंग बफर (कर्नल रेकॉर्ड लिहितो ती, शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून भरणारी मेमरी) १२८ पेजवरून १०२४ पेजवर नेला, चुका बऱ्याच कमी झाल्या आणि तिकीट बंद झाले. चूक कमी होणे आणि चूक सापडणे यांत फरक न करता तिकीट बंद करण्याची सवय मला अजूनही मान्य नाही.

आमचा कलेक्टर, म्हणजे रेकॉर्ड गोळा करणारा प्रोग्रॅम, ‘पर्फ रेकॉर्ड’ ही कमांड वापरत नाही. तो प्रत्येक सीपीयूसाठी इव्हेंट उघडतो, रिंग बफरमधून एकेक रेकॉर्ड उचलतो, नको असलेल्या प्रोसेसचे टाकून देतो आणि उरलेले पर्फच्याच फाइल फॉरमॅटमध्ये लिहितो. युजर स्टॅक (प्रोग्रॅममधल्या चालू फंक्शनांची मेमरीतली चळत) नंतर उलगडता यावा म्हणून प्रत्येक सॅम्पलमध्ये स्टॅकचा ७६८० बाइटचा तुकडा जातो. हा ७६८० आकडा पुढे महत्त्वाचा आहे.

उणे १२८ कुठेतरी पाहिल्यासारखे वाटत होते, पण टाइप म्हणून नाही. कर्नलच्या हेडर फाइलमध्ये कॉलचेनसाठी (कुठल्या फंक्शनने कुठले बोलावले, त्या पत्त्यांच्या रांगेसाठी) काही खुणेचे आकडे आहेत: इथून पुढचे पत्ते कर्नलमधले, यासाठी उणे १२८, इथून पुढचे युजरमधले, यासाठी उणे ५१२. ते पत्त्यांच्याच रांगेत ८ बाइटचे आकडे म्हणून बसतात. रेकॉर्डचा हेडरही ८ बाइटचाच असतो: ४ बाइट टाइप, २ बाइट ‘मिस्क’ (किरकोळ खुणा), २ बाइट आकार. ८ बाइटचा उणे १२८ हेडर म्हणून वाचला, तर टाइप उणे १२८ निघतो आणि वरचे सगळे बिट १ असल्याने आकार ६५५३५. तक्रारीतले दोन्ही आकडे तंतोतंत जुळले. म्हणजे वाचणारा रेकॉर्डच्या सुरुवातीला नव्हता, कुठल्यातरी सॅम्पलच्या पोटात, कॉलचेनच्या पहिल्या घरावर उभा होता.

किती आत, तेही मोजता येते. आमच्या सॅम्पलमधला क्रम असा: हेडर ०, आयडेंटिफायर ८, सूचनेचा पत्ता १६, पीआयडी-टीआयडी (प्रोसेस आणि थ्रेडचे क्रमांक) २४, वेळ ३२, सीपीयू ४०, पीरियड ४८, कॉलचेनची लांबी ५६, तिची पहिली नोंद ६४. तर इथे घसरण ६४ बाइटची. मग जुनी फाइल पुन्हा काढली. घसरण ४० ची असेल तर वाचणारा सीपीयूच्या घरावर पडतो. तिथे खालचे ४ बाइट सीपीयूचा क्रमांक, वरचे ४ शून्य. टाइप ६, आकार ०. ज्या ६ साठी आम्ही थ्रॉटलिंगच्या सेटिंग बदलत बसलो, तो सीपीयू क्रमांक ६ होता.

हे एकदा दिसले की इतर घसरणीही ओळखता येतात. १६ बाइट घसरली आणि तिथे युजरमधला पत्ता असला, तर x८६ च्या ६४ बिटी मशीनवर आकार ० आणि मिस्क बहुधा ३२५१२ ते ३२७६७ (शेअर्ड लायब्ररी) किंवा २१८४५ च्या थोडे पुढे (मूळ प्रोग्रॅम) येतो. २४ बाइट घसरली तर टाइपच्या जागी पीआयडी. त्यामुळे अशा तक्रारीत टाइपचे नाव शोधण्याआधी आकार बघावा. तो ८ पेक्षा कमी असेल किंवा त्याला ८ ने भाग जात नसेल, तर टाइपच्या आकड्याला काही अर्थ नाही. आणि दोष त्या ऑफसेटवर नसतो, त्याच्या आधीच्या रेकॉर्डात असतो. पर्फला चूक जिथे कळते तिथला ऑफसेट तो छापतो.

मग आधीच्या रेकॉर्डचा हेक्स डम्प घेतला, म्हणजे त्याचे कच्चे बाइट छापले. हेडरमध्ये आकार ८२५६. त्याच्या पोटात, शेवटाच्या बऱ्याच अलीकडे, टाइप ९ चा, म्हणजे सॅम्पलचा, अगदी नीटनेटका हेडर दिसला, पुढे पटणारा वेळ आणि सीपीयूसुद्धा. रेकॉर्ड इथेच तुटला असे वाटून मी बराच वेळ त्या जागेवर घालवला. तो हेडर शिळा होता. स्टॅकचा तुकडा मागितला तरी खरा स्टॅक तेवढा उरलेला नसेल, तर कर्नल मिळेल तेवढेच भरतो आणि उरलेली जागा न लिहिता ओलांडतो. त्या जागेत बफरच्या मागच्या फेरीतले बाइट तसेच राहतात. खरे किती बाइट भरले ते स्टॅकच्या मागे ८ बाइटच्या आकड्यात असते, आणि आमच्या रेकॉर्डात त्या जागी भलताच आकडा होता.

खरी तूट सापडली ती सुरुवातीपासून बरोबर ८१९२ बाइटवर. तिथे पुढच्या सॅम्पलचा हेडर बसला होता. ८२५६ वजा ८१९२ म्हणजे ६४. जुन्या फाइलमध्ये ८२३२ वजा ८१९२ म्हणजे ४०.

रिंग बफरच्या टोकावर रेकॉर्ड दोन तुकड्यांत विभागला जातो: अर्धा शेवटी, उरलेला सुरुवातीला. सगळे रेकॉर्ड ८ च्या पटीत असल्याने हेडर कधी तुटत नाही, पोट तुटते. आमचा कलेक्टर अशा वेळी दोन्ही तुकडे एका तात्पुरत्या जागेत जोडायचा. ती जागा ८१९२ बाइटची होती, आणि रेकॉर्ड तिच्यापेक्षा मोठा असेल तर कोड गुपचूप ८१९२ वर थांबायचा. हेडरमधला आकार मात्र तसाच फाइलमध्ये जायचा. ज्याने हे लिहिले त्याने हिशेब केला होता, म्हणून तर स्टॅक ८१९२ ऐवजी ७६८०. पण हिशेब सरासरी सॅम्पलचा होता. आमच्या मांडणीत स्टॅक आणि कॉलचेनच्या नोंदी सोडून २४८ बाइट लागतात, त्यांत २० रजिस्टरांचे १६० आले. ७६८० अधिक २४८ म्हणजे ७९२८. उरतात २६४ बाइट, म्हणजे ३३ नोंदी. कर्नलची कॉलचेन ३३ नोंदींपेक्षा खोल गेली आणि तोच रेकॉर्ड बफरच्या टोकावर आला, की फाइल मोडते. १२८ पेजच्या बफरला साधारण ६० सॅम्पलमागे एक वळण येते, १०२४ पेजच्या बफरला साधारण ५०० मागे. बफर वाढवल्यावर चुका कमी का झाल्या, त्याचे उत्तर एवढेच.

दुरुस्ती छोटी होती. आकाराचे घर १६ बिटी असल्याने कुठलाही रेकॉर्ड ६५५३५ बाइटच्या वर जात नाही. तात्पुरती जागा ६५५३६ केली की पुरते. मी जोडकामच काढून दोन तुकडे पाठोपाठ लिहायला लावले. पडताळणीसाठी बफर मुद्दाम ८ पेजवर आणला, म्हणजे दर चार-पाच सॅम्पलमागे एक वळण, आणि डिस्कवर सतत लिहिणारे काम चालवले. जुना कोड लगेच मोडला, नवा मोडला नाही. ‘लॉस्ट’ रेकॉर्ड भरपूर आले, पण ते प्रामाणिक नुकसान आहे: टाइप २, आणि किती गेले ते आत लिहिलेले. शिवाय फाइल बंद करताना आता सगळे हेडर चालून जाऊन आकारांची बेरीज फाइलच्या ४८ व्या बाइटवरच्या डेटा विभागाच्या आकाराशी ताडून पाहिली जाते.

इतक्यावर हे लिहिले नसते. ‘पर्फ रिपोर्ट’ निदान अडत होता. पण रोजचे अहवाल आम्ही आमच्याच वाचकाने काढतो, आणि त्यात आकार चुकीचा दिसला की ८ बाइट पुढे सरकून पुन्हा प्रयत्न करायची सोय आहे. पर्फच्या जुन्या आवृत्त्यांतही आकार ० असला की असेच करत. आमचा वाचक सरकत सरकत पुढच्या खऱ्या हेडरला पोहोचायचा, कधी त्या शिळ्या हेडरलाही, आणि काहीच बोलायचा नाही. दर वेळी दोन सॅम्पल जायचे: तुटलेला, आणि ज्याच्या पोटात आपण पडलो तो. तुटलेला नेहमीच खोल कर्नल कॉलचेनचा, म्हणजे आमच्याकडे बहुतेक वेळा फाइल सिस्टमपासून ब्लॉक लेयरपर्यंत (कर्नलच्या डिस्कशी बोलणाऱ्या थरापर्यंत) उतरलेले लेखन. गळती सरसकट नव्हती. डिस्कवर लिहिण्याचा खर्च अहवालांमध्ये सातत्याने कमी दिसत होता, आणि ते अहवाल बघून लेखनाच्या कोडला हात लावायची गरज नाही असे दोनदा ठरले. त्या दोन्ही बैठकांत तो आलेख मीच दाखवला होता.

बरेचसे परत मिळवता येते, कारण कॉलचेन स्टॅकच्या आधी असते आणि तुटले ते फक्त शेपूट. आता स्क्रिप्ट प्रत्येक ८१९२ पेक्षा मोठ्या रेकॉर्डपाशी थांबते. आधी हेडरमधल्या आकाराच्या जागी पुढचा हेडर आणि त्यापुढचे तीन पटतात का पाहते. नाही पटले तर ८१९२ वर तेच पाहते. तिथे पटले तर रेकॉर्ड तेवढाच धरते, युजर स्टॅक सोडून देते आणि कर्नलची कॉलचेन मोजते. दुसऱ्या बैठकीच्या आधीच्या फाइल अजून चालायच्या आहेत.