लिंड्रॉसच का? तुम्ही विचारलंत म्हणून

गणपतीच्या महाप्रसादाच्या रांगेतसुद्धा सुटका नाही. "एकही स्टॅन्ले कप नाही, मग एरिक लिंड्रॉस कसला मोठा?" स्टॅन्ले कप म्हणजे आईस हॉकीच्या एनएचएल लीगचं विजेतेपद, आणि लिंड्रॉस फिलाडेल्फियाच्याच फ्लायर्स संघाचा कप्तान. त्याच फिलाडेल्फियात राहून तुम्ही हे विचारावं!

निवड करणाऱ्या क्विबेकच्या संघाकडून खेळायला दिलेला नकार, त्याच्या आईवडिलांची ढवळाढवळ, ते तुम्हाला पाठ आहे, सोडा. 760 सामने, गोल आणि असिस्ट धरून 865 गुण. 1995चा हार्ट करंडक, म्हणजे लीगमधल्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा मान. सहा फूट चार इंचांचा माणूस इतका चपळ मी तरी दुसरा पाहिला नाही. हॉकीत सर्वश्रेष्ठ मानल्या जाणाऱ्या ग्रेट्झकीशी तुलना मी केलेली नाही, तुम्ही करता.

तुमचा खरा रोख 26 मे 2000वर असतो. न्यू जर्सी डेव्हिल्सविरुद्धच्या मालिकेतला सातवा, निर्णायक सामना. त्याआधी मार्चमध्ये, आपलं कन्कशन, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला झालेली इजा, संघाच्या लोकांनी वेळीच ओळखलं नाही असं तो उघड बोलला, तर कप्तानपद गेलं. दोन महिन्यांहून जास्त बाहेर बसून सहाव्या सामन्यात उतरला, गोलही मारला. सातव्यात, पहिल्याच सत्रात, पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या हद्दीची निळी रेषा ओलांडली आणि आत वळला. नजर खाली, पकवर. समोरून डेव्हिल्सचा बचावपटू स्कॉट स्टीव्हन्स आला. खांदा सरळ जबड्यावर. पडताना डोकं बर्फावर आपटलं. आमच्याकडे मॅच बघायला आलेला, न्यू जर्सीतल्या एडिसन गावचा मित्र, पक्का डेव्हिल्सवाला, टाळी द्यायला हात पुढे करून तसाच राहिला. पेनल्टी नाही. तेव्हाच्या नियमात ते बसत होतं.

त्या रात्री मीच चिडून म्हणालो होतो, "मान वर ठेवायला काय झालं होतं याला?" आज तुम्ही तेच म्हणता तेव्हा मला राग येतो. ज्युनियर हॉकीत त्याला आडवा करायची कुणाची टाप होती? मग मान वर ठेवायची सवय लागणार कुठून? आणि बेसावध खेळाडूच्या डोक्यावर आदळायचं नाही, हा नियम यायला 2010 उजाडलं.

पण मग पुन्हा तो व्हिडिओ बघतो आणि वाटतं, उतरलाच का? धाकटा भाऊ ब्रेट विशीतच याच दुखण्यानं खेळ सोडून बसलेला. हा पुढचा अख्खा सीझन बाहेर बसला, नंतर न्यूयॉर्क, टोरांटो, डॅलस करत 2007मध्ये थांबला. न्यूयॉर्कमधलं पहिलं वर्ष सोडलं तर ते मला बघवत नसे.

2016मध्ये हॉकीतल्या दिग्गजांच्या हॉल ऑफ फेमनं त्याला घेतलं, तेव्हा "फारच उशीर केला" म्हणणारे तुम्हीच होतात ना?